गोठ्यातले मेंढपाळ आणि घरातले मागी

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वसईच्या गावांमधून फेरी मारली, तर अंगणाअंगणांत आणि चर्चच्या आवारात नाताळचे गोठे मांडलेले दिसतात. गवताचं छप्पर, गव्हाणीत बाळ येशू, शेजारी मरीया आणि योसेफ, एका अंगाला मेंढपाळ, दुसऱ्या अंगाला उंट घेऊन आलेले तीन राजे आणि वर टांगलेली चांदणी. देखावा इतका ओळखीचा, की बायबलमध्ये तो या रूपात कुठेही नाही असं सांगितलं तर बऱ्याच ख्रिस्ती वाचकांनाही नवल वाटतं.

नव्या करारात येशूचं चरित्र चार वेळा येतं. मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावाने ओळखली जाणारी ही चार शुभवर्तमानं. त्यांपैकी जन्माची हकीकत फक्त दोघांत आहे. लूककडे मेंढपाळ आहेत, गव्हाणी आहे, पण चांदणी नाही आणि पूर्वेकडचे पाहुणेही नाहीत. मत्तयकडे तारा आहे, पूर्वेकडून आलेले मागी म्हणजे ज्ञानी लोक आहेत, पण मेंढपाळ नाहीत आणि गव्हाणीही नाही. मागी येतात ते एका घरात. ते राजे होते असं मत्तय म्हणत नाही आणि तीन होते असंही म्हणत नाही. भेटी तीन, म्हणून माणसं तीन, हा हिशेब नंतरच्या लोकांचा.

इथवर ठीक. एकाने एक सांगितलं, दुसऱ्याने दुसरं. पण पुढे वाचलं की गाडी अडते. मत्तयच्या सांगण्यानुसार मागी परतताच योसेफ रातोरात मायलेकरांना घेऊन मिसर देशात पळतो, कारण हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठला आहे. लूकच्या सांगण्यानुसार आठव्या दिवशी सुंता होते, मग शुद्धीकरणाचे दिवस भरल्यावर हेच कुटुंब बाळाला यरुशलेमच्या मंदिरात, म्हणजे हेरोदाच्या राजधानीतच, उघडपणे घेऊन जातं आणि तिथलं सगळं आटोपून नासरेथला, आपल्या गावी परततं. मिसरचा उल्लेख नाही. उलट मत्तय वाचताना वाटतं की हे कुटुंब मूळचं बेथलेहेमचं आहे आणि नासरेथ हा त्यांनी नंतर धरलेला आसरा आहे.

मग खरं काय? या प्रश्नाची दोन झटपट उत्तरं बाजारात नेहमी मिळतात. एक म्हणतं, दोन्ही बनावट. दुसरं म्हणतं, विरोध आहेच कुठे, तुमची श्रद्धा तोकडी. दोन्ही उत्तरांत एक सोय आहे: पुस्तक उघडून वाचावं लागत नाही. या दोन टोकांच्या मध्ये जवळपास अठरा शतकांचं काम पडलं आहे. ते करणाऱ्यांत बिशप होते, भाषापंडित होते आणि कट्टर संशयवादीही होते. त्या कामातून मिळणारी सगळ्यांत उपयोगी गोष्ट म्हणजे एक सवय. दोन उतारे जुळत नाहीत असं दिसलं, की कोण बरोबर हे विचारण्याआधी हा फरक कोणत्या जातीचा आहे ते विचारायचं. कारण सगळे फरक एका जातीचे नसतात आणि एका जातीचा उपाय दुसरीला लावला की अर्थाचा अनर्थ होतो.

चारांचं एक करण्याचा मोह

सर्वांत सोपा वाटणारा उपाय सर्वांत आधी करून पाहिला गेला. इ.स. १७० च्या सुमाराला तातियान नावाच्या विद्वानाने चारही शुभवर्तमानं उकलून त्यांची एकसंध कथा विणली. तिचं नाव ‘दियातेस्सरोन’. सिरियातल्या मंडळ्यांमध्ये हे पुस्तक पुढे दोन शतकांहून अधिक काळ उपासनेत वाचलं जात होतं. तातियानने येशूच्या वंशावळी मात्र गाळल्या. मत्तय आणि लूक यांनी दिलेल्या वंशावळी दावीद राजानंतर वेगवेगळ्या वाटांनी जातात. मत्तयकडे योसेफाच्या वडलांचं नाव याकोब आहे, तर लूककडे एली. अशा दोन याद्या एका कथेत बसवणं अवघडच. वंशावळी गाळण्यामागे येशूचं दाविदाच्या कुळाशी असलेलं नातं झाकण्याचा हेतू होता, असा आरोप त्याच्यावर नंतर झाला. हेतू काहीही असो, एकसंध कथा हवी असेल तर काहीतरी फेकावं लागतं, हे पहिल्याच प्रयोगात दिसलं.

चर्चने अखेर हा मार्ग सोडला. तातियानचाच समकालीन, लियोंचा बिशप इरेनियस, शुभवर्तमानं चारच आणि चारही हवीत असं ठासून सांगत होता. पाचव्या शतकात सिरियातल्या थिओडोरेट या बिशपने आपल्या भागातल्या मंडळ्यांमधून दियातेस्सरोनच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून बाजूला केल्या आणि त्यांच्या जागी चार स्वतंत्र पुस्तकं दिली. हा निर्णय फार मोलाचा होता असं मला वाटतं. चार पुस्तकं शेजारी शेजारी ठेवली की त्यांच्यातला फरक कोणाच्याही नजरेला येणार, हे त्या लोकांना पुरतं ठाऊक होतं. विरोधक त्यावर बोट ठेवतच होते. तरीही त्यांनी चार ठेवली.

तरी कथा सांगायची म्हटलं की माणूस चारांची एक करतोच. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यात राचोल इथे छापलेलं ‘ख्रिस्तपुराण’ हे त्याचं ठसठशीत उदाहरण. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचा दुसरा भाग येशूचं चरित्र सलग गातो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी सुरू केलेलं आणि लक्ष्मीबाईंनी पुरं केलेलं ‘ख्रिस्तायन’ही त्याच वाटेचं. पुराणकाराला सलग कथा लागते, त्यात गैर काही नाही. अंगणातला गोठाही हेच करतो. गोंधळ होतो तो सलग कथा हेच मूळ पुस्तक आहे असं धरून चाललं की.

आधी लेखनिकाचा हात तपासा

फरकांची पहिली जात सर्वांत साधी: नकलताना झालेली चूक. छापखाना येईपर्यंत बायबलची प्रत्येक प्रत हाताने लिहिली जाई आणि हात चुकतो.

जुन्या करारात याचा मजेदार नमुना आहे. यहूदाचा राजा यहोराम बत्तिसाव्या वर्षी गादीवर बसला आणि आठ वर्षं राज्य करून मेला. म्हणजे मरताना वय चाळीस. त्याच्या मागे त्याचा धाकटा मुलगा अहज्या राजा झाला. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात तेव्हा त्याचं वय २२ दिलं आहे. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या हिब्रू पाठात मात्र ४२! मुलगा बापापेक्षा दोन वर्षांनी मोठा. इथे गूढार्थ शोधायला जाऊ नये. काही जुन्या भाषांतरांत इतिहासातही २२ हाच आकडा सापडतो आणि आजची बरीच भाषांतरं तोच छापून तळटीप देतात.

लेखनिकाचा हात उलट्या दिशेनेही चालतो. तो चूक करतो तशी ‘दुरुस्ती’ही करतो. मार्कने आपलं पुस्तक यशया संदेष्ट्याच्या नावाने एक भविष्यवचन देऊन सुरू केलं, पण त्या वचनाचा पहिला भाग मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातून आलेला आहे. जुन्या हस्तलिखितांत यशयाचंच नाव आहे. नंतरच्या पुष्कळ हस्तलिखितांत ते काढून नुसतं ‘संदेष्टे’ असं मोघम केलेलं दिसतं. कुणा धर्मभीरू लेखनिकाला मार्कची अडचण पाहवली नाही. म्हणूनच पाठशुद्धीचं काम करणारे अभ्यासक एक उफराटा वाटणारा नियम पाळतात: दोन पाठांपैकी जो अधिक अवघड, तो बहुधा मूळचा. सोपं करणारा हात नंतरचा असतो.

क्रम कोणाचा, काळाचा की विषयाचा?

दुसरी जात मांडणीची. येशूने यरुशलेमच्या मंदिरात शिरून सराफांचे चौरंग उलथवले, ही घटना मत्तय, मार्क आणि लूक त्याच्या आयुष्याच्या शेवटच्या आठवड्यात सांगतात. योहान ती दुसऱ्याच अध्यायात, कार्याच्या आरंभी सांगतो. मध्ये किमान दोन वर्षांचं अंतर पडतं.

घरात फोटोंचे दोन अल्बम असतात. वडलांनी लावलेला तारखेनुसार: लग्न, मग बारसं, मग नवं घर. आत्याने लावलेला माणसांनुसार: एका पानावर आजीचेच सगळे फोटो, तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत. आत्याच्या अल्बमात आजीच्या साठीचा फोटो वडलांच्या मुंजीच्या फोटोआधी आला, म्हणून आत्या खोटं बोलते असं कोणी म्हणत नाही. फक्त तिचा अल्बम तारखेचा पुरावा म्हणून वापरायचा नाही, एवढं कळलं पाहिजे.

हे फार जुन्या काळापासून ओळखलं गेलं आहे. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला ख्रिस्ती लेखक पापियस सांगतो की मार्कने येशूचा शिष्य पेत्र याच्या आठवणी काळजीपूर्वक लिहिल्या, पण क्रमाने नव्हे. संत ऑगस्टीन यांनी इ.स. ४०० च्या सुमाराला शुभवर्तमानांच्या एकवाक्यतेवर एक सबंध ग्रंथ लिहिला. त्यात ते वारंवार हेच सांगतात, की शुभवर्तमानकाराला जेव्हा जे आठवलं तेव्हा ते त्याने मांडलं, मांडणीच्या क्रमावरून घडण्याचा क्रम ठरवू नये. शब्द वेगळे असले तरी आशय तोच असेल, तर त्याला असत्य म्हणू नये, हेही त्यांचंच.

मंदिराच्या प्रसंगाबद्दल मात्र ऑगस्टीन यांनी दुसरी वाट धरली: ही घटना दोनदा घडली. त्यांच्याआधी दीडशे वर्षं ओरिजेन या अलेक्झांड्रियाच्या विद्वानाने याच प्रसंगावर लिहिताना थेट कबूल केलं होतं, की हे वृत्तांत अक्षरशः घेतले तर जुळत नाहीत. त्याचं म्हणणं असं, की शुभवर्तमानकारांनी काही ठिकाणी काळ आणि स्थळ जाणूनबुजून हलवलं, कारण त्यांना त्यातून आतला, आध्यात्मिक अर्थ दाखवायचा होता. तिसऱ्या शतकातल्या या माणसाचं धाडस आजही चकित करतं. बायबलमधल्या विसंगती आधुनिक टीकाकारांनी शोधून काढल्या, असं समजणाऱ्यांनी ओरिजेन जरूर वाचावा.

न सांगणं म्हणजे नाकारणं नव्हे

तिसरी जात निवडीची. येशूच्या रिकाम्या कबरेपाशी पहाटे कोण गेलं? मत्तयकडे दोन मरीया आहेत, मार्ककडे तीन स्त्रिया, लूककडे त्याहून अधिक. योहान एकट्या मग्दालीया मरीयेचं नाव घेतो. पण ती धावत जाऊन शिष्यांना बातमी सांगते, तेव्हा प्रभूला कुठे ठेवलं ते ‘आम्हाला’ ठाऊक नाही अशा अर्थाचं बोलते. म्हणजे सोबत कोणी होतं हे योहानलाही ठाऊक आहे, त्याला कॅमेरा एकीवरच ठेवायचा आहे.

कफर्णहूमच्या शताधिपतीचंही, म्हणजे शंभर शिपायांच्या नायकाचंही, असंच. मत्तय म्हणतो, आजारी चाकरासाठी तो येशूकडे आला. लूक म्हणतो, त्याने आधी यहुद्यांच्या वडीलजनांना पाठवलं, मग मित्रांना, स्वतः आलाच नाही. मत्तयला गोष्ट आटोपशीर करायची सवय आहे. मार्कच्या लांबलचक हकिकती तो बऱ्याचदा निम्म्यावर आणतो. ज्याच्या वतीने निरोप आला, त्यानेच तो सांगितला असं म्हणणं त्या काळी रीतीला धरून होतं आणि ऑगस्टीन यांनीही हाच खुलासा केला आहे.

ताणलं की तुटतं

आता एक सावधगिरी. असे खुलासे हाताशी आले की माणसाला वाटतं, आता कुठलीही गाठ सुटेल.

सोळाव्या शतकात ओसियांडर या जर्मन धर्मपंडिताने असं सूत्र धरलं की तपशील वेगळा असेल तर घटनाच वेगळी. त्यामुळे एकेक चमत्कार आणि एकेक प्रसंग त्याच्या ग्रंथात पुन्हा पुन्हा घडू लागला. विसाव्या शतकातही हे थांबलं नाही. पहाटे कोंबडा आरवण्याआधी पेत्राने येशूला तीनदा नाकारलं, हे चारही शुभवर्तमानं सांगतात. पण त्याला हटकणारी माणसं प्रत्येकात थोडी वेगळी आहेत आणि मार्ककडे कोंबडा दोनदा आरवतो. हे सगळं अक्षरशः बसवण्यासाठी हॅरॉल्ड लिंडसेल या अमेरिकी लेखकाने १९७६ मध्ये पेत्राच्या नकारांचा हिशेब सहावर नेला. बायबलचा शब्द न् शब्द वाचवायला निघालेल्या माणसाने, चारही पुस्तकांना मान्य असलेला एकमेव आकडा मोडला!

माझ्या मते कसोटी इथेच आहे. एखाद्या खुलाशातून अशी पाचवी गोष्ट तयार होत असेल, जी चारांपैकी कोणीच सांगितलेली नाही, तर तो खुलासा वाचनाला मदत करत नाही.

एका पानावर तीन रकाने

अठराव्या शतकाच्या अखेरीस कामाचं साधनच बदललं. राइमारूस या हॅम्बुर्गच्या प्राध्यापकाने पुनरुत्थानाच्या वृत्तांतांमधल्या विसंगती दाखवत कडवी टीका लिहिली होती. जर्मन लेखक लेसिंगने त्याच्या लेखनातले भाग १७७४ ते १७७८ या काळात प्रसिद्ध केले आणि जर्मनीत वादळ उठलं. त्याच दशकात ग्रीसबाख या अभ्यासकाने एक साधं वाटणारं पुस्तक काढलं. मत्तय, मार्क आणि लूक यांचा मूळ ग्रीक मजकूर त्याने शेजारी शेजारी रकान्यांत छापला. एकत्र कथा विणायची नाही, नुसतं एका नजरेत दिसू द्यायचं.

रकाने पाहिल्यावर फरकाइतकंच साम्यही डोळ्यांत भरतं. मार्कमधला सुमारे ९० टक्के मजकूर मत्तयमध्ये आहे आणि तोही अनेकदा त्याच ग्रीक शब्दांत. स्वतंत्रपणे आठवून लिहिणाऱ्यांचं असं जुळत नाही. एकोणिसाव्या शतकात बहुसंख्य अभ्यासक या निष्कर्षाला आले की मार्क आधी लिहिला गेला आणि मत्तय व लूक यांनी तो समोर ठेवून लिहिलं. हे खरं धरलं तर मत्तयने केलेला प्रत्येक बदल हा त्याच्या मनात डोकावण्याचा झरोका होतो.

एक नमुना पाहा. येशू पाण्यावरून चालत शिष्यांच्या नावेपाशी येतो. वारा पडतो. मार्क सांगतो की शिष्य थक्क झाले, त्यांना काही उमगलं नव्हतं, त्यांची मनं कठीण झाली होती. मत्तय सांगतो की नावेतल्यांनी येशूला नमन केलं आणि तो देवाचा पुत्र आहे हे कबूल केलं. आधी कोणी नमन केलं आणि मग कोण गोंधळलं, अशी वेळापत्रकं करत बसलात तर दोघांचंही म्हणणं हातातून जातं. मार्कचे शिष्य त्याच्या सबंध पुस्तकात उशिरा समजणारे आहेत, ते क्रूसापर्यंत चुकतच जातात. मत्तयचे शिष्य अडखळतात, पण शिकतात आणि शेवटी इतरांना शिकवायला पाठवले जातात. फरक हा इथे लेखकाचा विचार आहे.

वंशावळीकडेही असं पाहता येतं. तिसऱ्या शतकातल्या आफ्रिकानस या ख्रिस्ती लेखकाने दोन याद्या जुळवण्यासाठी, निपुत्रिक मेलेल्या भावाच्या विधवेशी लग्न करण्याच्या यहुदी रिवाजाचा आधार घेतला: एक बाप रक्ताचा, दुसरा कायद्याचा. युक्ती हुशारीची आहे. पण मत्तयची यादी नीट मोजली तर दिसतं की त्याला चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट करायचे होते आणि त्यासाठी त्याने यहूदाचे तीन राजे सरळ वगळले. त्यांत आपला वरचा अहज्याही आला. लूकची यादी उलट चालते आणि थेट आदामापर्यंत जाते. एकाला येशू हा अब्राहाम आणि दाविदाचा वारस दाखवायचा आहे, दुसऱ्याला साऱ्या मानवजातीचा नातलग.

चौकट: दोन उतारे जुळेनात तेव्हा

*हस्तलिखितं काय म्हणतात?* आकडे आणि नावं यांत आधी नकलेची चूक तपासावी.
*क्रम काळाचा आहे की विषयाचा?* मजकुरात ‘दुसऱ्या दिवशी’ असं स्पष्ट म्हटलं आहे, की नुसतं ‘मग’?
*एकाने गाळलं आहे की नाकारलं आहे?*
*हा बदल त्या लेखकाच्या सबंध पुस्तकाशी जुळतो का?* जुळत असेल तर तो सहेतुक असण्याची शक्यता मोठी.
*आपला खुलासा मजकुरातून आला, की अडचणीतून?*

शुक्रवार एकच, तारखा दोन

सगळ्या जातींचा कस लागतो तो येशूच्या मरणाच्या दिवशी. वार कोणता, याबद्दल चौघांचं एकमत आहे: शब्बाथाच्या आदला दिवस, म्हणजे शुक्रवार. तारखेवर मतभेद आहे.

यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. निसान महिन्याच्या १४ तारखेला दुपारी वल्हांडण सणाची कोकरं मंदिरात कापली जात आणि सूर्य मावळल्यावर, म्हणजे १५ तारीख लागल्यावर, सणाचं भोजन होई. मार्क, मत्तय आणि लूक यांच्यानुसार येशूने शिष्यांबरोबर घेतलेलं शेवटचं भोजन हे वल्हांडणाचंच भोजन होतं. त्याच रात्री त्याला अटक झाली आणि दुसऱ्या सकाळी क्रूस. सूर्यास्त अजून न झाल्यामुळे तारीख १५. योहानकडे मात्र शुक्रवारी सकाळी येशूला रोमी सुभेदार पिलाताच्या वाड्यावर आणणारे लोक आत पाऊल टाकत नाहीत, कारण विटाळ झाला तर त्यांना वल्हांडण खाता येणार नाही. म्हणजे भोजन अजून व्हायचं आहे. तारीख १४.

खुलासे अनेक झाले. फ्रेंच अभ्यासक आनी जोबेर यांनी १९५७ मध्ये सुचवलं की तेव्हा दोन दिनदर्शिका चालू होत्या. मृत समुद्राकाठच्या कुमरान पंथाची ३६४ दिवसांची सौर दिनदर्शिका धरली तर वल्हांडण दरवर्षी बुधवारी येतो, म्हणून भोजन मंगळवारी रात्री झालं असावं. कल्पना आकर्षक, पण येशू ती दिनदर्शिका पाळत होता याला कुठल्याच शुभवर्तमानात आधार नाही आणि भोजन व क्रूस यांच्यात इतके दिवस गेले असंही कोणी म्हणत नाही. काही जण म्हणतात की योहानचं ‘वल्हांडण’ म्हणजे पुढच्या सात दिवसांचा सबंध सण. काही जण योहानची तारीख इतिहासाच्या दृष्टीने अधिक संभवनीय मानतात, कारण सणाच्या मुख्य दिवशी यहुदी पुढाऱ्यांनी खटला चालवणं अवघड वाटतं.

आणि काही जण योहानचं पुस्तक पुन्हा पहिल्या अध्यायापासून वाचतात. तिथे बाप्तिस्मा करणारा योहान येशूला देवाचा कोकरा म्हणतो. शेवटाकडे, क्रूसावरच्या येशूचे पाय शिपाई मोडत नाहीत, तेव्हा शुभवर्तमानकार शास्त्रवचनाची आठवण देतो आणि वल्हांडणाच्या कोकराचं हाड मोडू नये हा नियम निर्गमच्या पुस्तकातला आहे. मंदिरात कोकरं कापली जातात त्याच दुपारी त्याचा कोकरा मरतो. योहानने तारीख हलवली की त्याला मिळालेल्या तारखेत त्याने हा अर्थ पाहिला, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. पण तारीख त्याच्यासाठी नुसती तारीख नव्हती, हे उघड आहे. मला हे वाचन दिनदर्शिकांच्या जुळवाजुळवीपेक्षा मजकुराच्या अधिक जवळचं वाटतं.

हा वाद पोथीपुरता राहिला नाही. प्रभुभोजनात पश्चिमेचं चर्च बेखमीर भाकर वापरतं, ग्रीक चर्च खमीर घातलेली. अकराव्या शतकात दोन्ही चर्चमध्ये यावरून खडाजंगी झाली, तेव्हा शेवटचं भोजन वल्हांडणाचं होतं की नव्हतं हा मुद्दाही मैदानात होता. १४३९ मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने दोन्ही भाकरी ग्राह्य ठरवल्या.

शिकवणच वेगळी वाटते तेव्हा

घटनांपेक्षा अवघड फरक विचारांचे. माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो विश्वासाने, नियमशास्त्रातल्या कर्मांनी नव्हे, असं प्रेषित पौल रोमकरांस लिहितो. केवळ विश्वासाने नव्हे, कर्मांनीही ठरतो, असं याकोबाचं पत्र म्हणतं. दाखला दोघांचा एकच, अब्राहामाचा! मार्टिन लूथरला याकोबाचं पत्र इतकं खटकलं की १५२२ च्या प्रस्तावनेत त्याने ते गवतकाडीचं ठरवलं, तरी बायबलमधून काढलं मात्र नाही. इथे दोघं कोणाशी भांडत आहेत ते पाहिल्यावर धार बरीच कमी होते. गैरयहुदी माणसाला ख्रिस्ती होण्यासाठी सुंता करायला लावणाऱ्यांशी पौल भांडतो. उपाशी भावाला नुसते कोरडे आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्याशी याकोब भांडतो. कॅथलिक आणि लूथरन चर्चने नीतिमान ठरण्याविषयीचं संयुक्त निवेदन काढलं ते १९९९ मध्ये, लूथरनंतर जवळपास पाचशे वर्षांनी.

काही फरक मात्र असे मिटत नाहीत. दाविदाला शिरगणती करायला कोणी प्रवृत्त केलं? शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात देवाने, इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात सैतानाने. नंतरच्या लेखकाला जुनं वाक्य सहन झालं नाही आणि त्याने ते बदललं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. जुळवू पाहणारे म्हणतात, देवाने परवानगी दिली आणि सैतानाने केलं. पण दोन्ही वाक्यं एकाच ग्रंथसंग्रहात राहू दिली गेली, ही मला अधिक बोलकी गोष्ट वाटते.

चर्चची अधिकृत भूमिकाही समजतो तितकी ताठर नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये सांगितलं की बायबलमधल्या लेखनप्रकारांचं भान ठेवूनच अर्थ लावावा आणि शुभवर्तमानकारांनी निवड केली, संक्षेप केला, आपल्या मंडळ्यांची परिस्थिती पाहून स्पष्टीकरण केलं. बायबल निर्दोष आहे असं ठणकावणाऱ्या प्रॉटेस्टंट विद्वानांनी १९७८ मध्ये शिकागो इथे निवेदन काढलं. त्यातही विषयवार मांडणी, ढोबळ आकडे आणि समांतर वृत्तांतांतली वेगवेगळी निवड हे दोष मानू नयेत असं म्हटलं आहे.

न सुटलेली गाठ

मग सुरुवातीच्या जन्मकथांचं काय? त्यांतला बराचसा फरक निवडीचा आणि हेतूचा म्हणून समजतो. मत्तयचं बाळ मोशेसारखं मारेकरी राजाच्या तावडीतून सुटतं आणि मिसरमधून परत येतं. लूकचं बाळ गरिबांमध्ये जन्मतं आणि त्याची बातमी आधी रानातल्या मेंढपाळांना कळते. पण एक गाठ उरते. लूक या जन्माचा संबंध सिरियाचा सुभेदार क्विरिनिय याच्या नावनिशीशी जोडतो. यहुदी इतिहासकार जोसीफसच्या हिशेबाने ती नावनिशी इ.स. ६ मधली आहे, तर हेरोद इ.स.पूर्व ४ मध्ये मेला. मधली जवळपास दहा वर्षं भरून काढायला आधीची एखादी नावनिशी, आधीची एखादी नेमणूक असे तर्क झाले, पण त्यांना पक्का पुरावा मिळालेला नाही. लूकची इथे गफलत झाली, असंच पुष्कळ इतिहासकारांचं मत आहे. सगळ्या फरकांना खुलासा असलाच पाहिजे असं मानणाऱ्याला हे बोचेल, पण पुरावा नसताना गाठ सुटली म्हणण्यापेक्षा ती तशीच राहिलेली बरी.

हातात मराठी बायबल असेल, तर एक प्रयोग स्वतः करून पाहा. प्रेषितांच्या कृत्यांचे नववा, बाविसावा आणि सव्विसावा हे अध्याय एकापाठोपाठ वाचा. तिन्हींत दमिष्काच्या वाटेवर पौलाला झालेलं येशूचं दर्शन आहे. एका ठिकाणी त्याच्या सोबत्यांना वाणी ऐकू येते पण कोणी दिसत नाही, दुसऱ्या ठिकाणी त्यांना प्रकाश दिसतो पण वाणी ऐकू येत नाही. तिसऱ्या ठिकाणी पौलाबरोबर तेही जमिनीवर पडतात. इथे तर पुस्तक एकच आणि लेखकही एकच. आधी पाहा की नवव्या अध्यायात कथा लेखक सांगतो, बाविसाव्यात पौल यरुशलेमच्या चवताळलेल्या जमावापुढे बोलतो आणि सव्विसाव्यात अग्रिप्पा राजापुढे. मग वरच्या चौकटीतले प्रश्न विचारा आणि हा फरक कोणत्या जातीचा, ते तुमचं तुम्ही ठरवा.